हरल्याचा नारळ

गोव्यात, डिचोली तालुक्यात, खोली भाड्याने बघायला गेलो तेव्हा घरमालकाने मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मासे खातोस का हेही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एवढंच विचारलं, "मतदार यादीत नांव आसा?"

मी म्हटलं, आहे, पण तिकडे, सावंतवाडीच्या बाजूला, माझ्या गावात.

गेल्या खेपेला मत दिलंस का, असं त्यांनी पुढे विचारलं. मी दिलं म्हणून सांगितलं. खरं तर त्या दिवशी मी मित्रांबरोबर आंबोलीला भजी खात बसलो होतो. पण खोली हवेशीर होती, मागे विहीर होती, आणि पाळी गावातल्या खाणीची कचेरी, जिथे मी कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो, ती सायकलने वीस मिनिटांवर होती. तेवढ्यासाठी माणूस याहून मोठी थाप मारतो. म्हाताऱ्याने माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बराच वेळ बघितलं आणि किल्ली दिली.

त्या थापेची पुरेपूर वसुली त्यांनी पुढे केली. माझ्या गावात कसलीही निवडणूक लागली, अगदी ग्रामपंचायतीची का असेना, की ते मला स्वतः बसमध्ये बसवून द्यायचे. परत आलो की पायरीवरच अडवायचे. "बोट दाखय." शाई दिसली तरच आत प्रवेश. आमच्या गावचा सरपंच कोण होतो याची मला काडीचीही पर्वा नव्हती, पण सात वर्षांत मी एकही मतदान चुकवलं नाही. त्या गावात मी लोकशाहीचा खंदा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध झालो, तो असा.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मामा ते एकाच माणसाचे. त्यांची धाकटी बहीण ऐन तारुण्यात विधवा झाली आणि तान्हं मूल घेऊन भावाकडे आली. मामांनी लग्न केलं नाही, भाच्याला वाढवलं. भाचा मामा म्हणतो म्हणून शेजारी मामा म्हणू लागले, मग पोदेर पाव टाकताना मामा म्हणू लागला, मग माझ्यासारखे भाडेकरूही. बहिणीला मी मावशी म्हणायचो. ती एकटी त्यांना दादा म्हणायची, आणि तिच्या दादा म्हणण्यात आदर किती आणि इशारा किती हे प्रसंगावर अवलंबून असायचं.

श्रावणात लोक पोथी लावतात. मामा मतदार यादी लावायचे. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पाटावर बसून, समोर समई ठेवून ते गावची यादी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायचे. अनुक्रमांक, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. मावशी बाजूला वाती वळत बसायची. मेलेल्या माणसाचं नाव आलं की ती वात न सोडता म्हणायची, "गेलो तो." मामा तिथे पेन्सिलीने फुली मारायचे आणि पुढे जायचे. गावातल्या कुणाचं वय चुकलं असेल तर तेही मावशीच सांगायची, विशेषतः बायकांचं.

मी एकदा विचारलं की यात पुण्य ते काय. मामा म्हणाले, भाटकार आणि त्याचं कूळ, बामण आणि चांभार, एकाच अक्षरात एकाखाली एक लिहिलेले दुसऱ्या कुठल्या पोथीत दाखव, मी ती वाचतो. मला अशी पोथी सापडली नाही. मी पेज जेवलो.

शाईचं प्रकरण तर आणखीच होतं. मतदानाच्या दिवशी बोटाला लागलेली शाई टिकावी म्हणून मामा त्या बोटाला साबण लावू देत नसत. आंघोळीच्या वेळी डावा हात वर धरून अंगावर पाणी घ्यायचे. विहिरीवरून जाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा कुणाला तरी थांब म्हणतोय. मावशी म्हणायची, दादाच्या त्या बोटाला सोवळं आहे. महिन्या-दीड महिन्याने नखाच्या मुळाशी उरलेली शेवटची रेघ गेली की ते दोन दिवस कुणाशी नीट बोलत नसत.

हे सगळं खूळ आलं कुठून, ते त्यांच्या तळहातातून. तरुणपणी ते पोर्तुगिजांच्या कचेरीत नकला करायच्या कामावर होते. निवडणूक तेव्हाही व्हायची म्हणे. ज्यांना पोर्तुगीज लिहिता-वाचता येतं आणि सरकारात ज्यांचं वजन आहे, असे मूठभर लोक कोट घालून यायचे आणि एकाच यादीला मत देऊन जायचे. दुसरी यादीच नसायची. मामांनी वरिष्ठाला विचारलं, ही नावं कुणाला नको असतील तर त्याने काय करायचं? त्यांच्या मते तो साधा कचेरीतला प्रश्न होता. संध्याकाळी त्यांना पोलिसांनी नेलं आणि दोन्ही तळहातांवर पालमातोर दिली. पालमातोर म्हणजे भोकं पाडलेली लाकडी थापी, हातावर मारायलाच केलेली. किती फटके, हा आकडा दर वेळी बदलायचा. मूड बरा असेल तर सहा, वाईट असेल तर चोवीस. मावशी आतून ओरडायची, "बारा." तिने त्या हातांना खोबरेल लावलं होतं, म्हणून मी तिचा आकडा धरतो.

गोवा मुक्त झाला, पहिली निवडणूक झाली, मामांनी मत दिलं आणि त्यांचा माणूस आपटला. निकाल ऐकून ते घरी आले आणि गावभर गूळ वाटत सुटले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकण्यात चूक झाली. तेव्हा ते म्हातारे नव्हते, पण खुळे आधीपासूनच होते. मामा ज्याला त्याला हात दाखवत सांगत होते की बघा, मी त्याच्या विरुद्ध मत दिलं, तो निवडून आला, आणि माझे हात बघा. काही नाही. पोलीस आले नाहीत. कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून हरल्याचा नारळ सुरू झाला. प्रत्येक निकालानंतर मामा काळा कोट चढवून, जिथे मतदान झालं त्या मराठी शाळेच्या दारात जायचे. तिथे उंबऱ्यासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचे. आमच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराकडे होता, त्यामुळे आवाज तयार होता. एकाने देवाला एकेक मागणं किंवा आभार सांगायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. शाळेच्या दारात जमलेला म्हणजे मी एकटाच. "मत दिवंक मेळ्ळें, म्हाराजा." व्हय म्हाराजा. "मनीस पडलो, पूण हात शाबूत, म्हाराजा." व्हय म्हाराजा. मग नारळ फोडायचा. एक वाटी शाळेच्या उंबऱ्यावर, दुसरी निवडून आलेल्या माणसाच्या घरी. तिथे वाटी हातात देऊन ते सांगायचे की मी तुला मत दिलेलं नाही, पण तू आलास त्याचा आनंद आहे, आता नीट वाग. निवडून आलेले मामा येताना दिसले की मागच्या दाराने शेतात जायचे.

आणि नारळ प्रत्येक वेळी हरल्याचाच असायचा. मुक्तीपासून मामांनी ज्याला मत दिलं तो पडला नाही असं एकदाही झालं नव्हतं. लोकसभा, विधानसभा, पंचायत, सगळीकडे तीच गत. उमेदवार प्रचाराला आले की गावभर मतं मागायचे, आणि आमच्या व्हरांड्यात येऊन मात्र मत देऊ नका म्हणून हात जोडायचे, "मामा, आमकां मत दिवं नाकात." मामा म्हणायचे, मत गुप्त असतं, चहा घ्या.

भाषेच्या भांडणाचे दिवस आले तेव्हाही त्यांचं असंच. मराठी की कोकणी, यावरून भाऊ भावाशी बोलेना, बस अडवल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडली. मामा दोन्हीकडच्या सभांना जायचे आणि दोन्हीकडे टाळ्या वाजवायचे. जमाखर्च मराठीत, भांडण कोकणीत आणि शिव्या पोर्तुगिजीत, अशी त्यांची वाटणी लहानपणीच ठरलेली होती. मावशी म्हणायची, दोन्ही बाजूचे बोंबलतात तर एकाच भाषेत, मग भांडतायत कशावर? मी सावंतवाडीकडचा, माझं मत कुणी विचारत नव्हतं, हे माझं भाग्य.

मग गोवा घटकराज्य झालं आणि त्यानंतरची पहिली विधानसभेची निवडणूक लागली. आमदार वाढले, मतदारसंघ आखूड झाले. पूर्वी उमेदवाराला अर्धा तालुका पायाखाली घालावा लागायचा, आता चार गावं आणि एक नदी. ज्याच्या घरी माईक होता तो उभा राहिला. आमच्या भाच्याकडे माईकही नव्हता, पण तोही अपक्ष उभा राहिला.

वाईट नव्हता तो. खाणीच्या लाल पाण्याने शेतं बुडाली तेव्हा कागद घेऊन पणजीला खेटे घालणारा तोच होता. माझ्याच वयाचा, माझा दोस्त. कचेरीतून सुटलो की मी त्याचं काम करायचो. मावशी तर लेकाच्या प्रचाराला कधी नव्हे ती घराबाहेर पडली. मामांनी एवढंच केलं की यादीचं पारायण श्रावण नसताना लावलं.

अडचण पैलाडची होती. नदीपलीकडे वाडा होता, पंधराएक घरांचा. त्याला आम्ही पैलाड म्हणायचो. समोरचा उमेदवार त्याच वाड्यावरचा, ट्रकवाला. पैलाडचं प्रत्येक मत त्याचं, हे शेंबडं पोरही सांगत होतं. मतदान मात्र ऐलाडच्या, आमच्या काठावरच्या शाळेत. पैलाडच्या माणसाला यायचं तर तारीच्या, म्हणजे नावाड्याच्या, होडीतून नदी ओलांडायला हवी. रस्त्याने यायचं तर पुलावरून वळसा घालून अर्धा दिवस जायचा, आणि त्या दिवशी बस नव्हत्या.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तारीला मतदानाच्या दिवशी ताप आला तर, ही अक्कल माझी. आमच्या व्हरांड्यात बसून मी ती भाच्याला दिली, भाच्याने बराच वेळ नको नको म्हटलं आणि मग हो म्हटलं. तारी भाच्याचा शाळासोबती, तो लगेच तयार झाला. त्याने तर तिथल्या तिथे खोकूनही दाखवलं. तापाला खोकला लागत नाही, असं मी त्याला समजावलं. खिडकी उघडी होती आणि आत मामा यादी वाचत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांचं वाचन मध्येच थांबलं होतं, हे तर फार पुढे आठवलं.

मतदानाच्या सकाळी भाच्याची सगळी माणसं रवळनाथाच्या देवळात जमली. गाऱ्हाणं घालायचा मान मामांचा. काळा कोट घालून ते उभे राहिले. भाचा पुढे हात जोडून, त्याच्यामागे मी, माझ्या शेजारी तारी, अंगावर आधीच घोंगडी घेतलेला. मामांनी आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या गांवांत मतदान आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हो पोर धीर करून उबो रावला, ताका यश दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही. हे त्या बाजूच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. आवाज चढून 'म्हाराजा'वर आला की तोंड आपोआप 'व्हय' म्हणतं, डोक्यात तेव्हा चहा असतो. आमच्याही डोक्यात चहाच होता.

"ऐलाडचीं आनी पैलाडचीं, सगळीं तुजींच लेकरां. सगळ्यांनी मत दिवंक येवंचें, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाक ताप येयत, कोणाची होडी अडत, तर तें विघ्न दूर कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी कोणी मुद्दाम आड घाली, ताका तूंच बघ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात सगळ्यांत मोठा आवाज तारीचा होता. म्हणून झाल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भाच्याकडे, भाच्याने मामांकडे. मामा शांतपणे तीर्थ वाटत होते.

तरी ठरल्याप्रमाणे तारी घरी जाऊन निजला. नऊ-साडेनऊला पैलाडचे लोक नदीकाठी जमू लागले. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, केसांत अबोलीचे वळेसर माळून, सण असल्यासारख्या. "तारी ओ!" अशा हाका येत राहिल्या. मधून खनिजाची बार्ज जायची तेव्हा त्या ऐकू येत नसत. मी आणि भाचा ऐलाडच्या काठावर उभे होतो. काळजी करत असल्यासारखे उभे होतो.

शाळेत सगळ्यांच्या आधी मत देऊन मामा तिथे आले. त्यांनी पैलाडकडे बघितलं, कोटाच्या खिशातून यादी काढली, चष्मा लावला आणि समोरची माणसं ओळखून नावांवर बोट फिरवलं. मग कोट काढून माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि होडी सोडली.

सत्तरीच्या माणसाने होडी चालवू नये. ज्याने जन्मात कधी वल्हं धरलं नाही, त्याने तर नाहीच. होडी आधी गोल फिरली, मग ओढीने खाली निघाली, मग कशीबशी पैलाडला लागली, उतारापासून लांब, चिखलात. तिथले लोक चिखल तुडवत तिच्याकडे धावले. परत येताना पैलाडचा एकजण वल्हं मागत होता, मामा देत नव्हते. होडीत सहाजण बसले होते. सगळे जीव मुठीत धरून, पण मतदान करायला निघालेले.

काठाला लागल्यावर भाचा पाण्यात शिरला आणि त्याने होडीची कड धरली. मामा, तुला माहीत आहे ना हे कुणाला मत देणार, असं तो खालच्या आवाजात म्हणाला.

"म्हायत आसा. यादी माका तोंडपाठ आसा."

"मागीर?"

"मागीर किदें? तांकां ह्या न्हंयेच्या उदकांत उडोवं?"

भाच्याचे डोळे भरून आले. "मामा, तूं म्हजो मामा काय तांचो?"

"तुजो," मामा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "तूं पडलो जाल्यार घरा येतलो. तांकां परत धाडल्यार तीं खंय जातलीं?"

भाच्याने हात काढून घेतला. मामांनी होडी पुन्हा वळवली. त्यांच्या तळहातांना फोड येऊन फुटले होते आणि वल्ह्याला रक्त लागलं होतं. त्याच तळहातांना, ज्यांवर बारा फटके. मी त्यांचा कोट हातात धरून उभा होतो. मला त्या क्षणी या देशाचा अभिमान वाटला, खराखुरा. आपण हा अभिमान चुकीच्या बाजूला उभे राहून बाळगतोय, हेही कळत होतं. पण अभिमान काय बाजू विचारून येत नाही.

दुसऱ्या फेरीला होडी बार्जच्या वाटेत आडवी झाली तेव्हा काठावर बायका ओरडायला लागल्या. तेवढ्यात घोंगडी गुंडाळलेला तारी धावत आला. त्याला खरोखरच ताप भरला होता, दात वाजत होते. पाण्यात उडी मारून तो होडीपर्यंत पोहत गेला आणि मामांच्या हातातून त्याने वल्हं ओढून घेतलं. "हांवें व्हय म्हळां, मामा," तो म्हणाला. "देवाक व्हय म्हळां." दुपारपर्यंत त्याने सगळं पैलाड या काठाला आणलं. मामा होडीच्या टोकाला बसून एकेक नाव पुकारत होते.

तिसऱ्या दिवशी डिचोलीला मोजणी झाली. भाचा अठरा मतांनी पडला. होडीतून आले होते बेचाळीस.

गावात कुणी मामांना एका शब्दाने बोललं नाही, म्हणजे किती राग आला होता बघा. मावशी तर भावाशी बोलायचीच बंद झाली. पेज, भाजी, सगळं वेळेवर ताटात यायचं, पण निरोप माझ्यामार्फत. मामा दोन हातांवर बसलेले असताना ती मला म्हणायची, "ताका सांग, पेज निवता." मामा म्हणायचे, "तिका सांग, भूक ना." मी मधल्या मध्ये पोस्टमन झालो होतो, आणि माझी पेज निवत होती.

भाचा घरी आला नाही. मोजणी संपल्यावर तो डिचोलीहूनच फोंड्याला मित्राकडे गेला. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तूं पडलो जाल्यार घरा येतलो, हे मामांचं वाक्य काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं, मावशीलाही कुणीतरी सांगितलं होतं. ती दर बसच्या वेळी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभी राहायची. मामा खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत नसल्याचं दाखवायचे. नारळ देवघरात तसाच होता. हरल्याचा नारळ राहिला असं कधीच झालं नव्हतं. आणि मामांनी आंघोळ करताना डावा हात वर धरायचं सोडून दिलं होतं. हाताला चिंधी गुंडाळलेली, बोटावरची शाई साबणाने चाललेली, त्यांना तिचं काही नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. मावशीने माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाली, फोंड्याची बस नऊला आहे. मी चहा अर्धा ठेवून निघालो.

भाचा मित्राच्या दुकानात फळीवर डबे लावत होता. दाढी वाढली होती. मी म्हटलं, तापाची अक्कल माझी होती, शिव्या द्यायच्या तर मला दे. त्याने शिव्या दिल्या, अगदी मनापासून. मग म्हणाला की हरल्याचं दुःख नाही. पण मी पडलो तर घरी येणार, हे मामाने परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलं का? लहानपणी नेहमी असंच, माझी पाटी, माझी शाळा, माझं पडणं, सगळं तोच ठरवणार.

काहीतरी बोलायचं म्हणून मी घरच्या गोष्टी सांगितल्या. तारी बरा झाला. नारळ अजून फोडलेला नाही. यादी मामांनी कोटाच्या खिशातून काढलेलीच नाही, होडीत भिजून तिची पानं चिकटली आहेत.

"यादी वाचत नाही?" भाच्याने विचारलं.

"नाही."

त्याने हातातला डबा फळीवर ठेवला, सरळ केला आणि चपला शोधू लागला.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. मावशी गडग्यापाशी होती. तिने लेकाच्या दाढीवरून हात फिरवला आणि बाजूला झाली. मामा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. भाच्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. आईकडे नारळ मागितला, "नाल्ल खंय आसा?"

शाळा बंद होती, पटांगणात दोन गुरं बसली होती. आम्ही चौघं दारात उभे राहिलो. मामांनी कोट घातला होता. हातात नारळ घेऊन त्यांनी आवाज लावला, "बा देवा..." आणि पुढे काही येईना. पुन्हा "बा देवा" म्हणाले आणि पुन्हा थांबले. ज्या माणसाचं गाऱ्हाणं नदीपलीकडे ऐकू जायचं, तो नुसता हातातला नारळ फिरवत होता.

मावशीने भावाच्या हातातून नारळ घेतला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने पदर खोचला आणि घातलं.

"बा देवा म्हाराजा, म्हज्या पोरान मतां मागलीं, लोकांनी ना म्हळें, आनी तो धड घरा आयलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी आणि भाचा म्हणालो. मामांचे ओठ हलले.

"कोणें हात मोडले नात, कोणें घर जाळ्ळें ना. हें तुजें उपकार, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता मामांचाही आवाज आला.

"ह्या घरांत एक पिसो म्हातारो आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मामा म्हणाले. सवयीने. भाचा खाली मान घालून हसला.

"ताणें आपल्याच भाच्याक पाडयलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मामांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते.

"ताका आनी ह्या पोराक एकामेकांक सांबाळूंक बुद्द दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भाचा म्हणाला, आणि मामांच्या दंडाला धरून उभा राहिला.

मावशीने नारळ वर उचलला, आणि तसाच धरून आणखी एक मागणं घातलं. "आनी फुडल्या खेपेक कोणूय उबो रावूं, ह्या म्हाताऱ्यान होडयेक हात लावचो न्हय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

मामा म्हणाले नाहीत.

मावशी थांबली. गाऱ्हाण्यात कुणी गप्प राहिलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. नारळ तिने तसाच वर धरून ठेवला. मामा चिंधी बांधलेल्या हाताकडे बघत होते, डाव्या बोटाकडे, जिथे शाईचा आता ठिपकाही नव्हता. भाच्याने त्यांच्याकडे बघितलं, मी बघितलं.

"बरें," मावशी देवाला म्हणाली. "तें ऱ्हावूंदी, म्हाराजा."

याला मात्र मामांचा "व्हय म्हाराजा" असा आला की पटांगणातली दोन्ही गुरं उठून उभी राहिली.